छतावरचा अँटेना भिजला, तर खर्च गाडीमालकाचा का?

मृग तोंडावर आला की पावसाळ्यापूर्वी गाडीची काय काळजी घ्यावी, हे सगळीकडे छापून येते. वायपरची रबरे, टायर, ब्रेक, बॅटरी. छतावरच्या शार्क फिन, म्हणजे माशाच्या परासारख्या टोपणातल्या अँटेनाबद्दल त्यात कधी एक ओळही माझ्या वाचनात आली नाही. दारव्ह्यात मी गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो. पहिले दोन-तीन पाऊस झाले की तीच तक्रार येते: पाऊस सुरू झाला की आकाशवाणी यवतमाळ खरखरते, ऊन पडले की पुन्हा नीट लागते; नकाशा गाडीला रस्त्यावरून उचलून शेजारच्या कपाशीत नेऊन ठेवतो. तोवर अनेकांना म्युझिक सिस्टिम बदलायला सांगून झालेले असते. सिस्टिम बहुधा चांगली असते. पाणी छतावरच्या त्या टोपणात शिरलेले असते.

आणि मग वॉरंटी मागायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळते, ‘बाहेरील पाण्यामुळे नुकसान, वॉरंटीत बसत नाही.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे. छतावर बसवलेल्या वस्तूवर पाणी बाहेरूनच पडणार. ते सोसणे हेच तिचे काम आहे.

जुन्या गाड्यांना अँटेना म्हणून लांब काडी असायची. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे ३ मीटर, तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण मीटरची काडी तिला चांगली पकडते. चार बोटे उंचीच्या फिनला ते जमत नाही, म्हणून तिच्या पोटात छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि त्याला सतत वीज लागते. जीपीएसची चौकोनी चकतीही अनेक गाड्यांत तिथेच बसवलेली असते. काडी भिजली तरी काही बिघडत नसे. वीज खेळत असलेल्या बोर्डावर मात्र ओल आली की तांबे झिजते, हिरवा थर चढतो, दोन टोकांमध्ये धातूचे केसासारखे तंतू वाढून शॉर्ट होते. वणीच्या कोळसा खाणींकडच्या गाडीत त्या ओलीत कोळशाची धूळही मिसळलेली सापडते. तिथला बोर्ड वाचवणे फार कठीण जाते.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे ऊन घ्या. मेअखेरच्या नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि उन्हात उभ्या गाडीची काळी फिन ७० अंशांपर्यंत तापू शकते. अशात अवकाळीची सर आली आणि आतली हवा २५ अंशांवर उतरली, तर बंद पोकळीतला दाब सुमारे १३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे जवळपास १.३ मीटर पाण्याच्या उंचीइतकी ओढ. उन्हाने कडक झालेल्या पॅकिंगला केसाएवढी फट असली, तरी पाणी नुसते झिरपत नाही, आत खेचले जाते. कंपन्या अभिमानाने ‘आयपी ६७’ हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा लिहितात. त्या चाचणीत वस्तू १ मीटर पाण्यात ३० मिनिटे ठेवतात, पण पाण्याच्या आणि वस्तूच्या तापमानात ५ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, अशी अट असते. आपल्याकडे मे महिन्यात नेमके जे घडते, तेच या चाचणीत वगळलेले आहे. पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन-चाचणी संस्थेने छतावरच्या अशा भागांसाठी तापवून लगेच थंड पाण्याखाली धरण्याची चाचणी ठरवावी, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी पॅकिंगची. माझ्या अनुभवात फिनखालचे रबरी पॅकिंग सुटे मागितले की ‘पूर्ण असेंब्ली घ्या’ हेच ऐकायला मिळते. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या माणसाने त्यासाठी यवतमाळ-नागपूरच्या खेपा घालायच्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू न देण्याबद्दलच होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २४ डिसेंबर २०२२ ला केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतले. एवढे होऊनही एक रबराचे पॅकिंग दारव्ह्यात मिळू नये?

कंपन्या म्हणतील, पॅकिंग सुटे दिले तर कोणीही कसेही बसवील. मग ते कसे बसवायचे आणि नट किती आवळायचा, हे छापून द्या. वायपरचे रबर, ऑइल सील सुटे मिळतातच ना? झिजणारी वस्तू बदलता आली पाहिजे.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फट दिसली की सिलिकॉन भरून देऊ नका. बाजारातल्या स्वस्त ट्यूबमधून सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो. ते अ‍ॅसिटिक आम्ल तांबे खाते. न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन किंवा ब्यूटाइल टेप घ्या, आणि पाणी निघून जायला ठेवलेले छिद्र असेल तर ते बुजवू नका. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. छताचे लायनिंग ओढून काढू नका, कारण अनेक गाड्यांत कडेला एअरबॅग असते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुऊन पूर्ण वाळवा, वीज देऊन तपासा, मग कनेक्टर झाकून वार्निशचा संरक्षक थर द्या. वेळीच आणलेला बोर्ड अनेकदा एवढ्यावर वाचतो. पाणी केबलवरून खाली उतरले असेल तर तिचे कनेक्टरही उघडून बघा. आणि वॉशिंग सेंटरवाल्यांनी प्रेशर गन फिनच्या बुडाशी धरू नये.

गाडीमालकांनी एवढे करावे. जॉबकार्डवर ‘बाहेरील पाणी’ असा शेरा दिसला तर सही करण्याआधी पाणी कुठून शिरले, पॅकिंगची स्थिती काय होती, हे लेखी मागावे आणि काढलेल्या फिनचा फोटो घ्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष रचनेसाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे दाद लागली नाही तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
दारव्हा, जि. यवतमाळ