गाडीत पाणी येते कुठून?

गेल्या पावसाळ्यात अम्मींना डॉक्टरांकडे चिपळूणला नेत होतो. पुढे डाव्या सीटवर बसलेल्या अम्मी म्हणाल्या, "बेटा, माझे मोजे ओले झालेत." मॅट उचलली तर खालचे कार्पेट चिंब! गॅरेजवाल्याने काचेचे रबर गेल्याचे सांगितले, कडेने सिलिकॉन भरले आणि दोन हजार घेतले. पुढच्याच पावसात अम्मींचे पाय पुन्हा ओले.

पाणी जिथे दिसते तिथूनच आत येते असे नाही. पत्र्याच्या आतून, वायरींवरून ओघळत ते खोल जागी साठते. म्हणून आधी वाट शोधावी, मग पैसे खर्चावेत.

पहिला प्रश्न, कोरड्या दिवशीही ओल येते का? एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकायला हवे. ठिबकत नसेल तर एसीची नळी तुंबलेली असू शकते आणि ते पाणी डाव्या पायाशी उतरते. पाणी चिकट, गोडसर वासाचे असेल तर ते हीटरचे कूलंट समजा आणि लगेच मिस्त्री गाठा. आमच्याकडे दोन दिवस एसी बंद ठेवला, पावसात कार्पेट भिजलेच. म्हणजे पाणी बाहेरचे.

मग कार्पेट पुसून वर वर्तमानपत्र अंथरले. मुलगा टॉर्च घेऊन आत बसला, मी बाहेरून पाइपने हलके पाणी सोडले. सुरुवात खालून करायची, एकेका जागी पाच मिनिटे, आणि हळूहळू वर जायचे. वरून सुरू केले तर पाणी सगळीकडे ओघळते आणि काहीच कळत नाही. दरवाजे झाले, काही नाही. बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीवर पाइप धरला आणि आतून आवाज आला, "अब्बा, आलं!"

गाडी अंगणातल्या आंब्याखाली उभी असते. जाळीखाली पाला आणि वाळका मोहोर कुजून भोके बुजली होती. पाणी तुंबून ब्लोअरच्या हवेच्या तोंडातून आत शिरत होते. अर्ध्या तासात हाताने साफ केले, तांब्याभर पाणी ओतले, ते चाकाजवळून धो धो खाली गेले. काचेचा यात काही दोष नव्हता!

दरवाजातून येत असेल तर खालची भोके पाहा. स्पीकर किंवा काचेचे काम झाल्यावर आतला प्लॅस्टिकचा पडदा नीट चिकटवलेला नसतो, हेही कारण असते. डिकीत स्टेपनीखाली पाणी साठले तर मागच्या दिव्याचे रबर तपासा. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या.

कार्पेट वरून सुकले तरी खालचा फोम बरेच दिवस ओला राहतो. तिथेच वास धरतो, पत्रा गंजतो, वायरींचे जोड बिघडतात. आम्हाला सीट काढून फोम उन्हात टाकावा लागला. अम्मी मात्र आता बसण्याआधी मॅटखाली हात घालून पाहतात.