बोन्साय हा शब्द मी मागे घेते

चार वर्षांपूर्वी एका महिला मेळाव्यात बोलताना मी म्हणाले होते, "आमच्या मुलींचं समाजाने बोन्साय करून ठेवलंय." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळाही तोच आला. मी कौतुकाने कात्रण अम्मीपुढे ठेवलं. तिने चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, "तुझ्या अब्बांचं बोन्साय वर गच्चीवर पडलंय. त्याला कधी पाणी तरी घातलंस का?"

घातलं नव्हतं. अब्बा जाऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्या हयातीत ते झाड रोज फज्रनंतर पाणी प्यायचं. नंतर पावसाचं मिळेल तेवढंच.

झाड चायनीज एल्मचं. मूळचं चीन, कोरिया, जपानकडचं. आपल्याकडचा वावळ याच कुळातला, ज्याच्या पापडासारख्या चपट्या बिया उन्हाळ्यात वाऱ्यावर उडतात. पुण्याची हवा एल्मला मानवते. पण मी वर गेले तेव्हा जे पाहिलं त्याला झाड म्हणवत नव्हतं. कुंडी तडकलेली, माती दगडासारखी. पाणी ओतलं तर कडेने खाली निघून जायचं, आत थेंब मुरत नव्हता. एक बाजू वाळलेली, दुसऱ्या बाजूला छडीसारख्या दोन उंच फांद्या आणि शेंड्याला चार पानं. नखाने साल खरवडली तर खाली हिरवं दिसलं. म्हणजे जीव होता.

मला वाटलं, कात्री घ्यावी, वेडंवाकडं वाढलेलं सगळं छाटावं, की झालं बोन्साय. नर्सरीतल्या माळीकाकांनी हात धरला. म्हणाले, "ताई, वर्षभर कात्रीला हात लावायचा नाही. त्याच्याकडे चारच पानं आहेत. तीही कापलीत तर ते खाणार काय?"

पहिलं वर्ष मी काहीच 'घडवलं' नाही. कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, एवढंच काम. जानेवारीअखेर, नवी पालवी फुटायच्या आधी, कुंडी बदलली. आत मुळांनी स्वतःभोवतीच इतके फेरे घेतले होते की मातीला जागाच उरली नव्हती. बांबूच्या काडीने ती मोकळी केली, जाड मुळं थोडी कापली आणि विटांचे तुकडे, जाड वाळू, गांडूळखत यांच्या मिश्रणात झाड मोठ्या टबात बसवलं. मार्चमध्ये जुन्या खोडावर, जिथे काही फुटेल असं वाटलं नव्हतं, तिथे हिरवे ठिपके आले. अम्मीला गुडघेदुखी असूनही ती जिना चढून ते पाहायला वर आली.

गंमत म्हणजे खोड चांगलं मनगटाएवढं जाड झालं होतं. ती उपेक्षेची कृपा नव्हती. कुंडीच्या भोकातून एक मूळ बाहेर पडून गच्चीच्या कोपऱ्यात साचलेल्या पालापाचोळ्यात घुसलं होतं. झाडाने आपली जागा आपण शोधली होती.

दुसऱ्या वर्षी माझी चूक झाली. एका फांदीला वळण द्यायला तार गुंडाळली आणि रमजानच्या गडबडीत विसरले. ऐन वाढीच्या दिवसांत तार सालीत रुतली. तो व्रण अजून आहे. त्यानंतर मी तार सोडून दिली. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेत फांदीला मुख्यतः छाटणीनेच वळण देतात. फांदी मोकळी वाढू द्यायची, मग हव्या त्या दिशेच्या डोळ्यापाशी कापायची, पुन्हा वाढू द्यायची. एका वळणाला एखाददुसरं वर्ष जातं. एल्मला ही पद्धत मानवते, मलाही.

"बोन्साय म्हणजे झाडाचा छळ," असं पाहुणे म्हणतात तेव्हा मी वाद घालत नाही, झाड दाखवते. छळ झाला होता तो कात्रीने नाही, विसरण्याने. बोन्साय हे खुंटलेलं झाड नसतं. त्याची जात बुटकी नसते. जमिनीत लावलं तर ते पुन्हा उंच वाढू लागतं. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे. 1625 पासून तो कुणा ना कुणाच्या देखरेखीखाली आहे. 6 ऑगस्ट 1945 ला तो हिरोशिमात, यामाकी कुटुंबाच्या अंगणात होता आणि वाचला. 1976 मध्ये मासारू यामाकींनी तो अमेरिकेला भेट दिला. तो हिरोशिमातून वाचलाय हे संग्रहालयाला कळलं ते 2001 मध्ये, त्यांचे नातू भेटीला आले तेव्हा. जवळपास चारशे वर्षं रोज कुणीतरी पाणी घातल्याशिवाय हे होत नाही.

म्हणून मेळाव्यातलं ते वाक्य मी मागे घेते. आमच्या मुलींचं बोन्साय झालेलं नाही. बोन्साय व्हायला रोज कुणीतरी बघावं लागतं. आमच्या वस्तीतली उर्दू शाळा सातवीला संपते. पुढच्या शाळेसाठी दोन एसटी बदलाव्या लागतात, आणि संध्याकाळची दुसरी एसटी कधी येते, कधी नाही. आठवीत घरी बसलेल्या मुलीवर कुणी बारीक नजरेने कात्री चालवलेली नसते. ती गच्चीवर राहून गेलेली असते. यात सरकार आहे, जमातीचे पुढारी आहेत, आणि टाळ्या घेऊन घरी जाणारी मीही आहे.

मग आम्हाला अचानक जाग येते आणि आम्ही कात्री घेऊनच पोचतो. हिने असं बोलावं, असं नेसावं, इंग्रजी सुधारावं, बुरखा घालावा किंवा काढावा. आधी मुळाला जागा आहे का, हे कुणी विचारत नाही. संध्याकाळची एसटी वेळेवर आली तर अर्धी भाषणं लागणार नाहीत.

अर्थात मुलगी म्हणजे झाड नव्हे. तिला आकार देणारा माळीही नको. आकार तिचा ती ठरवेल. एल्मने कुंडीबाहेर मूळ काढलं तसा रस्ता पुष्कळ जणी काढतातही. पण प्रत्येक कुंडीला भोक असतंच असं नाही.

आता त्या झाडाला साठी ओलांडलेली मी आणि ऐंशी ओलांडलेली अम्मी पाणी घालतो. खोडाला नीट उतार यायला अजून दहा-पंधरा वर्षं लागतील, असं माळीकाका सांगतात. लोक विचारतात, या वयात हे कशाला? तेव्हा मी भाचीकडे बोट दाखवते. ती नववीत आहे. तिला छाटणी मी शिकवलेली नाही, अजून ती वेळ नाही. पाणी कधी घालायचं एवढंच दाखवलंय: बोट मातीत घालून बघायचं, वरून कोरडं लागलं तरच.