प्रथम वर्ष अभियांत्रिकीच्या रसायनशास्त्राबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
रसायनशास्त्र अभ्यास मंडळ

विषय : असेंद्रिय रसायनशास्त्राचे अध्यापन, प्रात्यक्षिके व परीक्षा

महोदय,

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रसायनशास्त्राकडे ‘कसाबसा काढायचा पेपर’ म्हणून पाहतो. समीकरणे घोकून आणि लघुटिपा लिहून पास होता येत असेल, तर तो तरी डोके का चालवील? सिमेंट, पोलाद, बॅटरी, सिलिकॉनची चिप, बॉयलरचे पाणी हा सगळा असेंद्रिय रसायनाचा कारभार आहे. अभ्यासक्रमाचा भार वाढवावा असे आमचे म्हणणे नाही. आहे तेवढाच भाग हाताने करून आणि कारण विचारून शिकवता यावा, यासाठी आमच्या शिक्षक संघटनेच्या पुढील मागण्या आहेत.

१. प्रात्यक्षिक प्रत्येकाने करावे. ईडीटीएचे टायट्रेशन पीएच १० च्या आसपास करायचे असते. अमोनियाचे बफर घालायचे राहिले, तर एरिओक्रोम ब्लॅक टीचा वाइनसारखा लाल रंग स्वच्छ निळा होत नाही आणि थांबायचे कुठे ते कळत नाही. ज्याच्या हातून हे एकदा घडते, त्याला बफरचे काम पुन्हा समजावावे लागत नाही. आज एका ब्युरेटभोवती पाच-सहा जण उभे राहतात आणि एकाचे रीडिंग सगळ्यांच्या जर्नलमध्ये उतरते. तुकडी २० ची आणि ब्युरेटमागे दोघेच, असा नियम व्हावा. नमुना विद्यार्थ्याने आपल्या गावच्या बोअरचा किंवा नळाचा आणावा. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. आपले पाणी यात कुठे बसते, हे त्याने स्वतः काढावे.

२. परीक्षेत कारण विचारावे. प्रमाणित विद्युतविभव जस्ताचा −०.७६ व्होल्ट, लोखंडाचा −०.४४ आणि कथिलाचा −०.१४. हे आकडे प्रश्नपत्रिकेतच द्यावेत. ओरखडा पडला तरी जस्ताचा मुलामा लोखंडाला वाचवतो, कथिलाचा मात्र उलट लवकर गंजू देतो, तो का, हे विद्यार्थ्याने सांगावे. निम्मे गुण अशा प्रश्नांना आणि उदाहरणांना असावेत.

३. गाभा सर्वांना एकच ठेवून एक घटक शाखेनुसार असावा. स्थापत्यच्या विद्यार्थ्याने किनाऱ्यावरच्या इमारतीतील सळईचा अभ्यास करावा. काँक्रीटचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून सळईवर संरक्षक थर टिकतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड आत झिरपले की तो थर फुटतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट तडकते. इलेक्ट्रिकलला लिथियम-आयन सेल, तर संगणक व इलेक्ट्रॉनिक्सला सिलिकॉनमधील बोरॉन-फॉस्फरसचे डोपिंग द्यावे.

४. बारावीला रसायनशास्त्र न घेतलेल्यांसाठी सत्राच्या सुरुवातीला १० तासांचा पायाभूत वर्ग घ्यावा. मोल, तुल्यभार आणि ऑक्सिडेशन अंक एवढे पक्के झाले तरी पुढचे अडत नाही.

५. डायक्रोमेटचे उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतणे बंद व्हावे. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून क्षपणानंतरच त्याची विल्हेवाट लावावी. प्रयोगशाळेत गॉगल सक्तीचे करावेत.

६. तासिका तत्त्वावरचे शिक्षक वर्षागणिक बदलतात आणि प्रयोगशाळेची घडी बसत नाही. शिक्षकांची व प्रयोगशाळा सहायकांची मंजूर रिक्त पदे भरावीत, अशी शिफारस मंडळाने शासनाकडे करावी.

मागणी २ साठीचा प्रश्नसंच आणि मागणी ४ साठीची मराठी-इंग्रजी पुस्तिका आमचे सभासद विनामोबदला तयार करून देतील.

पुढील वर्षाचा अभ्यासक्रम अंतिम होण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ द्यावा. मागणी १ व ५ साठी अभ्यासक्रम बदलण्याची गरज नाही, परिपत्रक पुरेसे आहे. ते याच सत्रात काढावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व कार्यवाह
(संघटनेच्या कार्यकारिणीच्या वतीने)