गेटपासवर सही कोणाची?

4 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, एलाबेल गावाजवळ ह्युंदाई आणि एलजी यांच्या बॅटरी कारखान्याचे काम चालू असताना तिथल्या इमिग्रेशन खात्याने छापा घातला. 475 माणसे ताब्यात घेतली, त्यांत 300 हून अधिक दक्षिण कोरियाची. हातापायांत साखळदंड घालून त्यांना बसमध्ये चढवतानाची दृश्ये जगभर दिसली. आठवड्याभराने खास विमानाने त्यांतली कोरियन माणसे मायदेशी परतली. त्या छाप्याच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. आपल्या, म्हणजे कारखान्यांतल्या एचआरच्या, व्यवसायाच्या दृष्टीने महत्त्वाचा होता तो ह्युंदाईचा खुलासा: पकडलेल्यांपैकी एकही माणूस आमच्या थेट नोकरीत नाही. एलजीची स्वतःची माणसे पन्नासाच्या आत होती, बाकीचे बहुतेक यंत्रे बसवून देणाऱ्या सहकंपन्यांचे.

हा खुलासा चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही टाइम ऑफिसात रोज ऐकू येतो. ‘तो आपला नाही साहेब, ठेकेदाराचा आहे.’ अपघात झाला तरी हेच उत्तर, पगार थकला तरी हेच आणि पोलीस पडताळणीला आले तरी हेच. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट, बल्लारपूरचा कागद, दुर्गापूरची वीज, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणी आणि आता चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीचे पोलाद. या सगळ्या कारखानदारीचे अंगमेहनतीचे काम कंत्राटी मजुराच्या खांद्यावर आहे. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशा, छत्तीसगड इथून ती माणसे येतात. मुख्य मालक, त्याखाली कंत्राटदार, त्याखाली पेटी कंत्राटदार आणि सगळ्यांत खाली मुकादम. मजूर ओळखतो तो फक्त मुकादमाला.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी कंत्राटी मजुरांच्या गेटपासची फाइल चाळत होतो. एकामागून एक जन्मतारखा 1 जानेवारीच्या. त्यात गैर काही नव्हते, कारण आपल्या माडिया-गोंड गावांतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तारीखही तीच असते. मग लक्षात आले की नावे वेगवेगळी असली तरी मोबाइल नंबर एकच आहे, पानामागून पान. तो मुकादमाचा होता. फोटोंत एकच निळा, मोठ्या कॉलरचा शर्ट तीन जणांच्या अंगावर होता. स्टुडिओत एकाने काढून दुसऱ्याला दिला असणार. खाली सुरक्षा विभागाचा शिक्का होता, कंत्राटदाराची सही होती. कंपनीच्या अधिकाऱ्याच्या सहीची चौकट कोरी होती. त्यातल्या एखाद्याला उद्या काही झाले असते, तर त्याच्या घरी कळवायला कंपनीकडे नंबरसुद्धा नव्हता. मी ते दाखवले, तेव्हा ‘ठेकेदाराला सांगतो’ एवढेच उत्तर मिळाले.

1 सप्टेंबर 2025 पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स’ हा नवा कायदा देशात लागू झाला आणि 1946 च्या फॉरेनर्स अ‍ॅक्टसह चार जुने कायदे गेले. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागद वापरल्यास किमान 2 वर्षे, कमाल 7 वर्षे कैद. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच. आता दुसरे पान उघडा. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 चा जो कायदा होता, त्यात मजुराची नोंद न ठेवणाऱ्याला, प्रवासभत्ता बुडवणाऱ्याला जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा 1,000 रुपये दंड होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने घेतली. तिच्यात सर्वसाधारण उल्लंघनाला 2 ते 3 लाखांचा दंड आहे आणि फक्त दंडाचे गुन्हे अर्धी रक्कम भरून मिटवताही येतात. कागद खोटा ठरला तर मजूर तुरुंगात जातो. त्याच कागदावर त्याला आत घेऊन वर्षभर राबवून घेणाऱ्याचे काम चेकने भागते.

अमेरिकेत 1986 च्या कायद्याने बेकायदा माणसाला नोकरी देणाऱ्या मालकाला पहिल्यांदा दोषी ठरवले, पण त्यात ‘जाणूनबुजून’ ही अट होती. मध्ये कंत्राटदार घातला की मालकाला जाणून घेण्याची गरजच उरत नाही. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाने ही पळवाट फार आधी बंद केली आहे. 1978 च्या हुसेनभाई खटल्यात मधल्या माणसाचा पडदा दूर सारून खरा मालक कोण ते पाहावे, असे ठरले. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या 1982 च्या निकालात, काम कंत्राटदाराकडे दिले म्हणून मुख्य मालकाची कायद्याची जबाबदारी संपत नाही, असे न्यायालयाने बजावले. 2001 च्या ‘सेल’ निकालाने कंत्राटी मजुरांना आपोआप कायम होण्याचा हक्क नाकारला खरा, पण कंत्राट निव्वळ देखाव्याचे असेल तर मजूर मुख्य मालकाचाच, हेही त्याच निकालात आहे. आपल्यातले अनेक सल्लागार पहिला अर्धा भाग मालकाला वाचून दाखवतात आणि दुसरा पानात दुमडून ठेवतात. हे थांबले पाहिजे.

कंपनी परदेशी असेल तर जबाबदारी सीमेपलीकडेही जाते. घुग्घुसची एसीसी आणि उपरवाहीची अंबुजा 2022 पर्यंत स्वित्झर्लंडच्या होल्सिम समूहाकडे होती. त्याच समूहाच्या छत्तीसगडमधल्या जामुल कारखान्यातील कंत्राटी मजुरांच्या संघटनेने 2012 मध्ये थेट स्विस सरकारच्या यंत्रणेकडे तक्रार नेली होती. मालक स्वित्झर्लंडमध्ये बसतो म्हणून दुर्ग जिल्ह्यातला मजूर त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, ही समजूत तेव्हाच मोडली.

परदेशी तंत्रज्ञांबद्दलही आपल्याकडे ढिलाई आहे. 2009 मध्ये वीज प्रकल्पांवर बिझनेस व्हिसावर काम करणाऱ्या चिनी कामगारांना केंद्राने परत जायला सांगितले होते. तो गोंधळ व्हिसाचा प्रकार न पाहता माणसे आणल्यामुळे झाला. वीज, पाणी, पेट्रोलियम या क्षेत्रांत परदेशी माणसाला कामावर ठेवण्यापूर्वी शासनाची परवानगी लागते, हे बंधन 1948 च्या आदेशापासूनचे आहे. चंद्रपूरसारख्या वीज पिकवणाऱ्या जिल्ह्यात ते प्रत्येक एचआर अधिकाऱ्याला पाठ असायला हवे. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. यंत्र बसवायला आलेला पाहुणा कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये उतरला असेल, तर त्याची माहिती वेळेत कळवणे हे आपले काम आहे, ट्रॅव्हल एजंटचे नव्हे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत सुंदरनगर, विवेकानंदपूर अशी गावे आहेत. 1960 च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनेच तिथे जमिनी देऊन वसवले. त्यांची तिसरी पिढी आता मराठी शाळेतून बाहेर पडून आयटीआय करते आहे. कोनसरी त्यांच्या दाराशी आहे. या पिढीतल्या मुलाने गेटवर आडनाव सांगितले की सुरक्षारक्षकाची भुवई वर जाते, असे मी स्वतः पाहिले आहे. 2025 च्या उन्हाळ्यात देशभर बांगलादेशी घुसखोरांविरुद्ध मोहीम चालली. तेव्हा मुंबई परिसरातून उचललेले पश्चिम बंगालचे काही मजूर, म्हणजे भारतीय नागरिक, सीमेपार ढकलले गेले आणि जूनमध्ये त्यांना परत आणावे लागले. भाषेवरून नागरिकत्व ठरवले की असे होते. मुंबईत झालेली ही चूक गडचिरोलीत झाली तर साठ वर्षांपूर्वी उखडलेल्या कुटुंबाला आपण दुसऱ्यांदा उखडू.

म्हणून पडताळणी नीट करा, पण आपण तहसीलदार नाही, न्यायाधीशही नाही, हे लक्षात असू द्या. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधारचा कायदाच सांगतो. तेव्हा आधार दाखवले म्हणून माणूस भारतीय ठरत नाही आणि नाही दाखवले म्हणून परका ठरत नाही. मालकाने पाहायचे ते वेगळे: हा माणूस कोण, त्याचे गाव कोणते, घरचा नंबर काय, पगार त्याच्याच खात्यात जातो का, त्याला आणले कोणी. एवढे खरे असेल तर खोटे कागद टिकत नाहीत. मुकादमाच्या एका मोबाइलवर चाळीस माणसे चालवणाऱ्या कारखान्यातच ते टिकतात. नव्या संहितेत स्वतःहून परराज्यातून आलेला मजूरही स्थलांतरित म्हणून मोजला जातो. ‘आम्ही आणला नाही, तो आपणच आला’ हे उत्तर यापुढे चालणार नाही.

बाहेरचे आले म्हणून आपल्या पोरांना काम नाही, अशी तक्रार दोन्ही जिल्ह्यांत आहे आणि ती खोटी नाही. उद्योगांत 80 टक्के स्थानिक घ्यावेत हे राज्याचे जुने धोरण कागदावर राहिले. त्यामागचे कारण मजुरांच्या रागापेक्षा मालकांच्या सोयीत शोधावे लागेल. पत्र्याच्या खोलीत राहणारा परप्रांतीय मजूर सुट्टी मागत नाही, धानाच्या रोवणीला घरी जात नाही आणि युनियनच्या सभेलाही जात नाही. तो स्वस्त पडतो तो या अगतिकतेमुळे. ती अगतिकता कायद्याने संपवली, तर बाहेरचा मजूर स्थानिकापेक्षा स्वस्त राहणार नाही आणि मग हा तंटाही बराचसा सुटेल.

दरवर्षी होळीच्या आगेमागे चंद्रपूर आणि गडचिरोलीतली हजारो माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात. पोंभुर्णा, मूल, सावली, सिरोंचा इथल्या घरांना त्या हंगामात कुलपे लागतात. मार्च 2020 च्या टाळेबंदीत हीच माणसे तिकडच्या शेतांत अडकली. अनेक जण पोरेबाळे घेऊन जंगलवाटेने पायी परतले. तेव्हा त्यांची यादी ना इकडच्या जिल्ह्याकडे होती, ना तिकडच्या. तिकडच्या मालकाने आपल्या माणसांची जशी नोंद ठेवावी असे आपल्याला वाटते, तशीच नोंद झारखंडच्या आईला आपल्याकडून हवी आहे.

येत्या आठवड्यात टाइम ऑफिसात जाऊन कंत्राटी गेटपासचे रजिस्टर मागवा. एकच मोबाइल नंबर किती नावांपुढे आहे ते मोजा. त्या माणसांना एकेक करून बोलवा, घरचा नंबर विचारा, त्यांच्यासमोरच फोन लावा. आणि त्या पानावर ठेकेदाराच्या सहीशेजारी स्वतःची सही करा.