लेकराला फळा दिसतो का?

शेतकरी बंधूंनो, या पानावर आपण नेहमी कापसाची बोंडअळी, तुरीचा मर, सोयाबीनचे बियाणे यांबद्दल बोलतो. आज पिकाचे नाही, लेकरांच्या डोळ्यांचे बोलायचे आहे. मी डोळ्यांचा डॉक्टर नव्हे, शेतीचाच माणूस आहे. पण गावोगाव फिरताना जे दिसले ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका गावी शेतीशाळा संपल्यावर मी पत्रके वाटली. एका शेतकऱ्याचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा ते पत्रक नाकाजवळ धरून घडाघडा वाचू लागला. मी कौतुक केले. वडील म्हणाले, ‘‘साहेब, वाचतंय चांगलं, पण गुरुजी म्हणतात फळ्यावरचं लिहीतच नाही. ध्यान नाही त्याचं. यंदा शाळा बंद करून संगंच नेतो कोयत्यावर.’’ मी मुलाला समोरच्या भिंतीवर रंगवलेले ग्रामपंचायतीचे नाव वाचायला सांगितले. तो डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिला आणि गप्प बसला. पोराचे ध्यान जागेवर होते, त्याला फळाच दिसत नव्हता.

याला लघुदृष्टी म्हणतात. डोळ्याचा गोळा वाजवीपेक्षा लांब वाढतो, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. जवळचे स्वच्छ दिसते, लांबचे धूसर. चष्म्याचा नंबर वजा एक असेल तर एक मीटर, म्हणजे सव्वातीन फुटांच्या पलीकडचे धूसर व्हायला लागते. वजा दोन असेल तर अर्ध्या मीटरपलीकडचेच. आता फळा किती लांब असतो ते तुम्हीच सांगा! आणि लेकरू तक्रार करीत नाही, कारण सगळ्यांनाच असे दिसते असे त्याला वाटते.

हा दोष बहुधा शाळेच्या वयात सुरू होतो आणि अंगाने वाढ होते तोवर वाढत जातो. जितक्या लहानपणी लागेल तितका नंबर पुढे मोठा होण्याची भीती. वजा सहाच्या पुढे गेलेल्या डोळ्यांना पुढील आयुष्यात पडदा सरकणे, काचबिंदू यांचा धोका जास्त असतो.

ओळखायचे कसे? लेकरू टीव्हीच्या अगदी जवळ बसते, पुस्तक नाकाला लावते, डोळे बारीक करते, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, डोके दुखते म्हणते. घरी एक साधी परीक्षा करा. भिंतीवरच्या कालनिर्णयापासून दहा-बारा फुटांवर मुलाला उभे करा, एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका, आणि तारखांचे मोठे आकडे वाचायला सांगा. मग दुसरा डोळा. जे भावंडाला वाचता येते ते याला येत नसेल, तर दवाखाना गाठा. दोन्ही डोळे उघडे ठेवून परीक्षा घेतली तर एका डोळ्याचा दोष लपून राहतो.

आता गैरसमज. ‘‘चष्मा लावला की नंबर वाढतो’’ हे खरे नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिल्यानेही वाढ थांबत नाही, हे तपासून पाहिलेले आहे. गाजर, पालेभाजी जरूर खाऊ घाला, रातांधळेपणा टाळायला ती लागतेच. पण नंबर त्याने जात नाही. आणि ‘‘पोरीला चष्मा लागला तर स्थळ कसं येईल?’’ म्हणून मुलीला तसेच ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. बाबांनो, न दिसल्यामुळे सातवीत शाळा सुटली तर कोणते स्थळ येणार आहे?

नंबर लागूच नये म्हणून एक उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. लेकरांना दिवसाउजेडी घराबाहेर खेळू द्या. चीनमधील ग्वांगझू शहरात शाळेत रोज 40 मिनिटे जादा बाहेर काढलेल्या मुलांपैकी तीन वर्षांत 30 टक्के मुलांना लघुदृष्टी लागली, इतर मुलांत हे प्रमाण 39 टक्क्यांच्या वर होते. तैवानने 2010 पासून रोज दोन तास मुलांना बाहेर काढण्याची मोहीम चालविली. दिल्लीच्या शाळांत झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही जास्त वेळ बाहेर असणाऱ्या मुलांत हा दोष कमी आढळला. लिंबाच्या सावलीतला उजेडसुद्धा खोलीतल्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. आपल्याकडे अंगण आहे, शिवार आहे. पण हल्ली पोरं तिथेही मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसतात. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळची वेळ धरा.

एकदा नंबर लागला की मात्र नुसत्या खेळाने भागत नाही. चष्मा नेमाने वापरायचा आणि वर्षातून एकदा तरी तपासायचा. नंबर झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टर रात्री घालायचे सौम्य औषधी थेंब देतात. ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यावेत. बाजारातला तयार चष्मा मुलाला लावू नये.

आता आपल्या जिल्ह्याचा खरा प्रश्न. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा व अंगणवाडीत दोनदा तपासणीला येते, फुकट. पण दसरा-दिवाळीनंतर आपली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पथक आले तेव्हा लेकरू फडात असले तर ते वर्ष गेले. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेल्या लेकराची तपासणी झाली तरी पुढे दवाखान्यात नेणारे कोणी नसते.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि शाळा व्यवस्थापन समितीला विनंती आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. स्थलांतरित होणाऱ्या घरांतील मुलांची यादी गुरुजींकडून करून घ्या आणि पथकाला दसऱ्याच्या आत गावात येण्याचे लेखी कळवा. ज्यांना दोष आढळेल त्यांना बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ पडेल तिथे पाठवा. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात गरजू शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे, ती मागून घ्या.

आणि आईबापांनो, मुकादमाची उचल घेण्याआधी एक संध्याकाळ काढा. लेकराला कालनिर्णयासमोर उभे करा. त्याच्या हाती कोयता द्यायचा की पुस्तक, हे ठरविण्याआधी त्याला फळा दिसतो का, एवढे तरी बघा.