आराखडा इस्रायलचा, पाणी कोणाचे?

मराठवाड्यातील 11 धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याचा आराखडा इस्रायलच्या मेकोरोट या सरकारी कंपनीकडून करून घेण्याचा करार राज्य शासनाने 2018 मध्ये केला. त्यात गैर काहीच नव्हते. वाळवंटात शेती फुलविणाऱ्या देशाकडून शिकण्यात कसला आला कमीपणा? पण आपण वाहिन्यांकडे पाहिले, त्यामागील कायद्याकडे नाही. गॅलिलीच्या सरोवराचे पाणी दक्षिणेस नेणारी राष्ट्रीय जलवाहिनी तेथे 1964 मध्ये सुरू झाली. देशातील सर्व पाणी सार्वजनिक मालकीचे, हे मात्र 1959 च्या कायद्यानेच ठरले होते.

आपल्याकडे क्रम उलटा. जायकवाडीचे लोकार्पण झाले 1976 मध्ये. समन्यायी वाटपाचे कलम आले 2005 च्या कायद्यात! तरीही तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे म्हटले की आंदोलने आणि न्यायालयाच्या पायऱ्या ठरलेल्याच. तेथील शेतकरीही आपलाच आहे, त्याची उभ्या उसाची काळजी खोटी नव्हे. म्हणूनच हा हिशेब ऐन दुष्काळात नव्हे, आधी व्हायला हवा.

तो मांडणारा माणूस आपल्याच शहरातला. 1993 च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने 1999 मध्येच उपखोरेनिहाय नियोजन सुचविले होते. जग ज्यांचे ऐकत होते, त्यांचा अहवाल आपण कपाटात ठेवला आणि आराखडा मागायला तेल अवीवला गेलो. जोडलेली अकराही धरणे एकाच वर्षी रिकामी राहिली, तर वाहिन्यांतून वाहणार काय, हे तेथील अभियंता कसे सांगणार?