करडीची फुलं कशाला तोडायची?

गेल्या काही आठवड्यांत या सदरासाठी जे पाहिलं त्यात देव, राक्षस आणि तलवारी पुष्कळ होत्या. अश्विन कुमारचा २०२५चा ‘महावतार नरसिंह’ राहून गेला होता, तो पाहिला. खांब फुटतो तिथून पुढे नजर हटत नाही. त्याआधी मात्र साधी माणसं चालू-बोलू लागली की लाकडी वाटतात. मग ‘डीमन स्लेयर’चा ‘इन्फिनिटी कॅसल’. डोळे दिपले, पण चार दिवसांनी त्यातलं फारसं काही उरलं नाही. उरला तो १९९१चा, इसाओ ताकाहाताचा ‘ओन्ली येस्टरडे’. त्यात राक्षस नाही, जादू नाही. करडी आहे.

हो, आपलीच. ज्वारीच्या कडेने जनावरं आत शिरू नयेत म्हणून पेरतात ती, कोवळेपणी जिची भाजी करतात ती, घाण्यावर जिचं तेल निघायचं ती. टोकियोच्या ऑफिसात काम करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा काढून यामागाता भागात बहिणीच्या सासरच्या गावी जाते. रात्रभर रेल्वेचा प्रवास, पहाटे तोशिओ नावाचा तरुण शेतकरी गाडी घेऊन न्यायला आलेला, आणि घरी न जाता थेट वावरात. दव असतं तेव्हाच फुलं तोडायची, कारण तेव्हा काटे नरम असतात. मराठवाड्यात करडी काढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगावं लागत नाही. उन्हं चढली की त्या पिकात हात घालवत नाही.

आई मागून जाता जाता थांबली. “करडी हाय की ही,” म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “पन फुलं कशाला तोडायलेत?”

रास्त प्रश्न आहे. आपल्याकडे फूल वाळून जातं, बोंड पिकतं आणि मग बी हाती येतं. चित्रपटात सगळा जीव पाकळीत. ती धुतात, तुडवतात, चटईवर पसरून आंबवतात, कुटून चपट्या वड्या करून वाळवतात. पिवळ्याचा हळूहळू लाल होतो आणि त्या लालीचं पुढे क्योतोच्या बायकांच्या ओठांचं प्रसाधन होतं. पूर्वी हातमोजे नसताना ही फुलं तोडणाऱ्या गावच्या पोरींच्या बोटांतून रक्त यायचं, आणि त्यांच्या स्वतःच्या ओठांना तो रंग कधी लागला नाही, हेही ताएको सांगते. ताकाहाता यातली एकही पायरी गाळत नाही. दहा सेकंदांत उरकता आलं असतं.

या माणसाचा हट्टच तसा. जपानमध्ये सहसा आधी चित्रं होतात, मग आवाज. त्याने मोठ्या ताएकोचे संवाद आधी ध्वनिमुद्रित केले आणि त्या बोलण्याबरहुकूम चेहरे काढून घेतले. म्हणून ती हसली की गालावर रेघा उमटतात. काहींना त्या खटकतात. मला तर तिच्यावर विश्वास बसला तो त्या रेघांमुळेच. १९६६ साली पाचवीत असलेल्या ताएकोच्या आठवणी मात्र फिक्या, कडेला पांढऱ्यात विरून जाणाऱ्या.

आपल्याकडे करडी फुलते ती जानेवारी-फेब्रुवारीत. नेमका तेव्हा बीड जिल्ह्यातला निम्म्याहून अधिक गाव गावात नसतो. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या असतात. परततात त्या उन्हाळा लागल्यावर. आणि आता फुलायलाही उरलीय किती? सोयाबीन आणि त्यावर हरभरा, हे गणित बसलं. काट्यात शिरायला मजूर मिळेना. फलटणच्या निंबकर संस्थेने बिनकाट्याचा वाण काढला, तरी तेलाच्या पिशवीने घाण्याला हरवलं ते हरवलंच.

ताकाहाताचं गाव जरा जास्तच गोड आहे, ही माझी तक्रार. सावकार नाही, आडत्या नाही. तोशिओ सेंद्रिय शेतीवर भाषणं देतो. त्यातलं एक मात्र मोलाचं: शहरी माणूस ज्याला निसर्ग म्हणतो ते रान, ते ओढे, हे सगळं शेतकऱ्यांच्या पिढ्यांनी घडवलेलं आहे. पण दिग्दर्शक आपल्यापेक्षा हुशार निघतो. आजी एका रात्री ताएकोला सरळ विचारते, तोशिओशी लग्न करून इथेच राहतेस का? आणि रजेवर येऊन गावावर प्रेम करणारी ही पोरगी घरातून पळत सुटते. तेव्हा तिला आठवतो आबे. पाचवीत मध्येच आलेला, शेजारच्या जागेवर बसणारा, मळक्या कपड्यांचा गरीब मुलगा. शाळा सोडून जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, तिच्याशी नाही. बाकीच्या मुली त्याला उघड नावं ठेवायच्या. हिने ठेवली नाहीत, पण मनातला दुरावा त्याला कळलेला होता.

आष्टी-पाटोद्यापासून धारूर-वडवणीपर्यंत ज्यांनी शाळा केली त्यांना आबे माहीत आहे. दिवाळीनंतर रिकामी होणारी आणि परीक्षेच्या तोंडावर पुन्हा भरणारी जागा त्याची. हंगामी वसतिगृहांमुळे काही पोरं आता मागे राहतात, पण सगळी नाहीत. त्याच्यावर मराठीत कविता झाल्या, कथा झाल्या. रेघांनी अजून कुणी त्याला काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत हा चित्रपट रीतसर पोचला २०१६ साली. इतका उशीर का, तर पाचवीतल्या मुलींच्या पाळीचा प्रसंग आड आला, असं सांगतात. त्यात आहे काय? कुजबुज, मुलांची चिडवाचिडवी, सर्दी म्हणून खेळाच्या तासाला बसलं तरी येणारा संशय. बीडमध्ये २०१९ साली ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी म्हणजे खाडा, खाडा म्हणजे दंड. प्रसंग अवघड आहे म्हणून कुजबुजीत ठेवायचा तर तो कुणाच्या सोयीचा, ते यातून दिसतं.

आपल्याकडे हे काढणारे हात नाहीत असंही नाही. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ हाताने रंगवलेला आहे आणि त्यातली गजरे विकणारी कमला बालविवाहातून पळून मुंबईत आलेली आहे. पण तिथेही गाव म्हणजे मागे टाकलेली भीती. मला हवा आहे तो तिथेच थांबणारा, कोपीतला धूर आणि पहाटेचा फड नीट निरखणारा चित्रपट. नरसिंहाला शेकडो कोटी मिळाले. त्यातला एखादा निर्माता वाट वाकडी करून धारूरच्या घाटात आला तर बिघडत नाही.

‘ओन्ली येस्टरडे’ नेटफ्लिक्सवर आहे. इंग्रजी आवृत्तीत तोशिओला देव पटेलचा आवाज आहे, तरी जपानीतच पाहा. आणि नावं सरकू लागली की रिमोट उचलू नका. ताएकोने आजीला काय उत्तर दिलं ते तिथे आहे.